दमलेली हवा

पाकोळी उडायची झकास, पण उतरायची वेळ आली की धप्पकन पडायची. असं का होतं, ते कुणालाच उमगत नव्हतं. खुद्द पाकोळीलाही नाही.

पाकोळी म्हणजे औषधं पोचवणारं छोटं विमान. त्याला वैमानिक लागत नसे. पोटातला संगणकच ते चालवायचा आणि बोलायचासुद्धा. ते बनवलं होतं नभाच्या मामीने, डॉ. वैदेही शेलार यांनी.

धरणाच्या जलाशयापलीकडे आंबेधार नावाचं गाव होतं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठाला नुसता चिखल उरे आणि पलीकडे जाणारी मोटारबोट, लाँच, बंद पडे. डोंगरवाट इतकी लांब, की थंड पेटीतलं औषधही उन्हात खराब होई. त्या गावातल्या तनुजाला मधुमेह होता. तिला रोज इन्सुलिन लागायचं. व्हिडिओवर बोलता बोलता तिची नि नभाची गट्टी जमली होती.

"या आठवड्यापुरतंच औषध उरलंय गं," तनुजा म्हणाली, तेव्हा नभा सुट्टीचे सगळे बेत सोडून मामीच्या प्रयोगशाळेत येऊन बसली.

आंबेधारला उतरायला एकच जागा होती, शाळेमागचं चिमुकलं पटांगण. तिथे अगदी हळू उतरायला हवं होतं.

"हळू झालं की उचल कमी पडते," मामीने सांगितलं. उचल म्हणजे विमानाला वर धरून ठेवणारा हवेचा जोर. "ती भरून काढायला पाकोळी नाक वर करते."

"आणि नाक वर केलं की अचानक आधारच जातो," पाकोळी म्हणाली.

"पंख खडबडीत असतील," नभा म्हणाली. तिने बोटं दुखेपर्यंत पंख घासून आरशासारखे गुळगुळीत केले. पाकोळी पुन्हा पडली. या वेळी पंखाचं टोकही तुटलं.

नभाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तुटका तुकडा उचलून ती म्हणाली, "हवा तिथे नेमकं काय करते, ते मला बघायचंय."

"हवा दिसत नाही," पाकोळीने आठवण करून दिली.

"मग दिसायला लावू!"

मामीने पंख जोडून वातबोगद्यात (पंख्याने जोराचा वारा सोडायच्या लांब पेटीत) बसवला. नभाने त्यावर लोकरीचे आखूड धागे चिकटवले. वारा सुटला आणि सगळे धागे शहाण्यासारखे मागे झुकले. मग मामीने पंख नाक वर केल्यासारखा तिरका केला. पुढचे धागे तसेच राहिले, मागचे मात्र सैरभैर झाले. काही तर उलटे, पुढच्या बाजूला वळले!

"मामी, मागची हवा पंख सोडून चाललीय!"

"अगदी बरोबर. याला विलगन म्हणतात, म्हणजे प्रवाहाने पृष्ठभागापासून सुटणं. पंखाला लगटून हवेचा एक पातळ थर वाहतो, तो सीमास्तर. पंखाला घासून घासून तो मंदावतो. त्यात पंख तिरका असला की मागे जाताना त्याला वाढत्या दाबाविरुद्ध जावं लागतं. जणू दमलेल्या माणसापुढे चढण यावी. मग तो पुढे जाऊच शकत नाही. तो सुटला की उचल गेली."

नभा धाग्यांकडे बघत राहिली. "पण वरची हवा तर दमलेली नाही ना? ती खाली आणली तर?"

"कशी आणशील?"

"आई ताक घुसळते, तेव्हा तळाचं वर येतं, वरचं तळाशी जातं. तशी हवा घुसळायची!"

मामीचे डोळे चमकले. "मोठ्या विमानांच्या पंखांवर त्यासाठी बारक्या उभ्या पात्या बसवतात. प्रत्येक पातीमागे हवेचा एक छोटा भोवरा तयार होतो आणि वरची हवा खाली ओढतो. इतक्या लहान, मंद पंखावर ते चालेल का, हे मात्र करूनच बघावं लागेल."

नभाने प्लॅस्टिकच्या पात्या कापून पंखाच्या मागच्या भागात तिरप्या बसवल्या. काहीच फरक नाही.

"तिथे हवा आधीच सुटलेली असते!" ती स्वतःवरच चिडली. सगळ्या पात्या उपटून तिने पुढे आणल्या. पुन्हा वारा सोडला, पंख तिरका केला. मागचे धागे क्षणभर थरथरले आणि पंखावर निजले.

"पंख खडबडीत करून आधार मिळतो? अजब आहे!" पाकोळी म्हणाली.

मैदानावरच्या चाचण्यांत पाकोळी दर वेळी अलगद उतरली. मगच मामीने तिच्या पोटात इन्सुलिनची थंड पेटी ठेवली. पाकोळी जलाशयावरून दिसेनाशी झाली. नभा पाकोळीच्या कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर मुठी आवळून उभी राहिली. पटांगण दिसलं. नाक वर झालं. नभाने श्वास रोखला.

धूळ उडाली. मग पडद्यावर तनुजाचा चेहरा आला, धुळीने माखलेला आणि हसरा. "एकही बाटली फुटली नाही, नभा!"

मामीने नभाला घट्ट जवळ घेतलं.

"माझी एक तक्रार आहे," पलीकडून पाकोळी म्हणाली. "वेगात उडताना या पात्या वारा अडवतात. बॅटरी जास्त संपते."

"मग उतरतानाच उघडतील आणि एरवी मिटतील, अशा पात्या करू," नभा म्हणाली. "पंखालाच कळायला हवं, हवा कधी दमतेय ते."

"आजवर माझ्याकडून ते जमलेलं नाही," मामी म्हणाली.

"मग दोघी मिळून करू," नभा म्हणाली आणि तिने कात्री उचलली.