उंबऱ्याच्या आतून

कॅमेरा कुठं लावायचा, एवढाच प्रश्न होता. मी वाळूजच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करते. क्लिपा, स्क्रू, पट्टे यांत माझं डोकं चालतं. सुटीच्या दिवशी फारूखभाईंकडे स्कूबा शिकते. संभाजीनगरला समुद्र कुठाय म्हणून लोक हसतात. हसू देत, धरणाचा नाथसागर आहे ना!

त्याच पाण्याखाली माझ्या घरमालकीणबाईंचं, गोजरबाईंचं माहेर आहे. धरण भरायला लागलं तेव्हा गाव उठलं, पण त्यांची आई उठली नाही. गोजरबाई तेव्हा पाचोडला सासरी, ओली बाळंतीण. "लेक आली की तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळीन, मगच निघीन," म्हणत आई दाराशी बसून राहिली. ती पुन्हा कुणाला दिसली नाही. आता गोजरबाईंची नजर काचबिंदूनं जवळजवळ गेलीय. पुरती जायच्या आत माहेरचा उंबरा एकदा बघायचा, एवढंच त्यांचं मागणं. मला त्यांचा फार लळा लागलाय, नाही म्हणवलं नाही.

यंदा पाणी खाली गेलं होतं आणि परवानगीही मिळाली. आदल्या संध्याकाळी माझ्या खोलीत आमचा वाद चालला होता.

"देख तनुजा, मास्कवर लावला तर तू मान हलवली की चित्र हललं," फारूखभाई म्हणाले. "हातातल्या दांड्यावर लाव. दोन दिवे पण बसतात."

"आणि गाळात भिंत चाचपायची कशानं? मला दोन्ही हात मोकळे हवेत."

"मग छातीवर लाव."

"पोहताना छाती तळाकडं. नुसता चिखल दिसेल!"

तेवढ्यात गोजरबाई आल्या. निळ्या पट्ट्यांच्या, टाचेला झिजलेल्या स्लिपर त्यांनी बाहेरच काढल्या. चपला घालून उंबरा ओलांडलेला त्यांना मुळीच खपत नाही.

"पोरी, डोळ्याजवळ लाव," त्या म्हणाल्या. "तुला दिसंल ते मला दिसू दे."

झालं, मास्कवर ठरलं. फारूखभाईंनी पट्टा ओढून बघितला, शेजारी छोटा दिवा बसवला, वर दोरीही बांधली.

खाली पाणी चहासारखं गढूळ होतं. फक्त माझ्याच श्वासाचा आवाज. हाताला शेवाळलेली भिंत लागली, मग चौकट, मग दगडी उंबरा. आत काळोख होता. मी तिथंच थांबले, का ते कळलं नाही. मास्कमध्ये भाजलेल्या भाकरीचा वास आला. पाण्याखाली वास येत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. फारूखभाईंनी मागून दंड धरला आणि आम्ही वर आलो.

दुपारी टीव्हीवर चित्रण लावलं. गोजरबाई पडद्याला नाक लावून बसल्या. भिंत दिसली, माझे हात दिसले, चौकट दिसली. मग चित्र एकदम स्थिर झालं. दारातून दिव्याचा उजेड आत येत होता आणि उजेडामागं मी होते. माझा मास्क, त्यावर कॅमेरा, त्याचा तांबडा ठिपका. चित्रण आतून झालेलं होतं.

"या अल्लाह..." फारूखभाई पुटपुटले.

बाजूनं एक हात पुढं आला. मनगटभर हिरव्या बांगड्या, बोटांत भाकरीचा तुकडा. माझ्यावरून ओवाळू लागला.

"आई..." गोजरबाईंनी पडद्यावर तळवा ठेवला. "ती तनुजा हाय गं. मी नाय..."

हात थांबला.

"येते मी, आई. लई बसलीस... येते."

हात हळूच मागं गेला. पडदा काळा झाला. मला भीती वाटली, पण त्याहून जास्त रडू आलं. गोजरबाई मात्र पदरानं डोळे पुसून शांतपणे वर आपल्या घरी गेल्या. रात्री म्हणे पोटभर जेवल्या.

आज ते चित्रण मी पुन्हा लावलं. भिंत, चौकट, उंबरा. हात कुठंच नाही, आतून काही नाही. सगळं मला दिसलं होतं तसंच. फक्त उंबऱ्याबाहेर, गाळात, एक जोड काढून ठेवलेला दिसतो. निळ्या पट्ट्यांचा, टाचेला झिजलेला.

मी बघत असतानाच जिन्यावरून गोजरबाईंची हाक आली.

"तनुजा, माझ्या स्लिपर बघितल्या का गं? कालधरनं सापडंना झाल्यात..."