सतरा नंबरची पट्टी

ही गोष्ट माझ्या मोठ्या मावशीची आहे आणि ती खरी आहे. कुणी विश्वास ठेवावा असा माझा हट्ट नाही. पण तिच्या डाव्या तळहातावरचा व्रण मी हजारदा पाहिलाय. अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत, रेघ ओढल्यासारखा सरळ.

आधीच सांगते, यात रात्र नाही. मंगळवार होता, दुपारचे पावणेबारा. ऊन मी म्हणत होतं. समोरच्या टायरच्या दुकानात रेडिओ चालू होता, रस्त्यावर माणसांची ये-जा होती.

आणि तरीही...

मावशी नगरपालिकेच्या मालमत्ता विभागात मोजणीचं काम करायची. ऑफिसात तिला सगळे फूटपट्टी म्हणत. कुणाच्या कागदावर 'अंदाजे' असा शब्द दिसला की ती तो लाल पेनाने खोडायची. भुताखेतांचा विषय निघाला की डबा बंद करून उठायची. अशी बाई.

नगरपालिकेच्या कितीतरी जागा नुसत्या पडून असतात. बंद पडलेली पाण्याची टाकी, ओसाड दवाखाना, रस्ता वळवला तेव्हा उरलेला तुकडा. काही वर्षांनी साहेब लोकांना जाग येते आणि नको असलेल्या जागांची यादी निघते. मग नोटीस लावायची, तीस दिवस हरकतींची वाट बघायची, मोजणी करायची, सभेत ठराव करायचा आणि जागा विकून मोकळं व्हायचं. तुकडा फारच चिंचोळा असेल तर बाहेरचा कोण घेणार? तो शेजाऱ्याच्याच गळ्यात घालतात.

त्या वर्षीच्या यादीत सतरा नंबरला अशीच एक पट्टी होती. दोन घरांच्या मधली. पूर्वी तिथून उघडं गटार जायचं, पाइप टाकल्यावर ते बुजवलं. रुंदी चार फूट, लांबी साठ. दोन्ही बाजूंना घरांच्या भिंती, आतल्या टोकाला तिसरी भिंत. तोंड फक्त रस्त्याकडे.

एका बाजूला वेल्डर राहायचा. जागा त्यालाच हवी होती. पस्तिशीचा, बडबड्या, सतत हसणारा. दुसऱ्या बाजूला एक निवृत्त बस ड्रायव्हर. त्यांना सगळे ड्रायव्हरकाका म्हणत. त्यांनी हरकत नोंदवली नव्हती.

फाइल उघडली तेव्हा मावशीला एक गोष्ट खटकली. बावीस वर्षांपूर्वी ही पट्टी विकायला काढली होती. मोजणीच्या कागदावर तारीख होती, सही होती. आकड्यांच्या जागी एकच ओळ...

'मोजणी पूर्ण होऊ शकली नाही.'

कारण लिहिलेलं नव्हतं. मावशी जाम वैतागली. "साठ फूट मोजता येत नाहीत म्हणजे काय? झोपा काढत होते का?"

मंगळवारी ती निघाली. सोबत नगरपालिकेचा जुना पेंटर. भिंतीवर हद्दीच्या खुणा रंगवायचं काम त्याचं. मोजणीला टेपचं दुसरं टोकही तोच धरायचा.

वेल्डर दारातच उभा होता.

"या मॅडम! चार फुटांचा मालक होणार मी. महाल नाही बांधत, नुसते लोखंडी पाइप ठेवायला जागा हवी. पाय ठेवायला जागा नाही घरात. बायको म्हणते, आता एक तर पाइप राहतील नाहीतर मी."

ड्रायव्हरकाका आपल्या पायरीवर बसून बघत होते. हसले नाहीत.

पेंटर टेपचं टोक घेऊन आत गेला. आतल्या टोकाशी थोडी सावली होती. मावशी रस्त्याकडच्या तोंडाशी टेपची डबी धरून उभी राहिली.

"धरलं का?"

"धरलं," आतून आवाज आला.

टेप ताणली गेली. मावशीने आकडा वाचला. एकसष्ट फूट. तिने कपाळाला आठ्या घातल्या.

"जरा ढील द्या. परत बघते."

ढील मिळाली नाही. टेप आणखी ताणली गेली. बासष्ट... चौसष्ट...

"अहो, ओढताय काय! भिंतीला लावून धरा!"

"मॅडम," पेंटरचा आवाज आला.

तो तिच्या पाठीमागून आला.

मावशीने मान वळवली. पेंटर रस्त्यावर उभा होता. हातात रंगाचा डबा आणि ब्रश.

"टोक आत दगडाखाली दाबून आलो मॅडम, तुम्ही कागद बघत होता तेव्हा. रंग आणायला. तुम्ही कुणाशी बोलताय?"

मावशी म्हणते, त्या क्षणी रेडिओ ऐकू येईनासा झाला. रस्ताही गप्प. फक्त टेपची पात... ताणून थरथरत होती.

आणि आतून, अगदी शांतपणे, कुणीतरी म्हणालं...

"सोड."

लगेच तिच्या कानाशी, एवढ्या जवळून की श्वास लागला...

"धर."

टेपला जो हिसका बसला तो माणसाचा नव्हता. पोलादी पात डबीतून सुसाट सुटली. तिने प्रतिक्षिप्तपणे डाव्या हाताने ती पकडली आणि पात तळहात कापत गेली. रक्त दोन्ही भिंतींवर उडालं. पेंटरने तिला कमरेला धरून मागे खेचलं. टेप आत गेली, साप बिळात जावा तशी.

वेल्डर टेप आणायला आत शिरला आणि अर्ध्या मिनिटात परत आला. टेप नीट गुंडाळून दगडावर ठेवलेली होती म्हणे.

"जुनी टेप दिसते मॅडम. स्प्रिंग गेली असेल," तो म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं.

ड्रायव्हरकाकांनी मावशीला घरात नेलं. हातावर पाणी ओतलं, फडकं बांधलं. 

"ताई, ही जागा विकू नका."

"का?"

"माझा थोरला भाऊ आत गेलाय."

मग त्यांनी सांगितलं. बावीस वर्षांपूर्वी दोघांनी अर्ज केले होते. काकांचा थोरला भाऊ आणि वेल्डरच्या घरात तेव्हा राहणारा एक गवंडी. दोघांचं आधीच विळ्या-भोपळ्याचं सख्य. मोजणीदार शहाणा, म्हणाला, नंतर तक्रार नको, दोघांनीच टेपचं एकेक टोक धरा. भाऊ रस्त्याच्या तोंडाशी, गवंडी आतल्या टोकाशी. एक म्हणाला तू ओढतोस. दुसरा म्हणाला तू ओढतोस. आधी शिव्या, मग आईबापाचा उद्धार. मग गवंड्याने फावडं उचललं आणि भावाने पहार.

"आम्ही सोडवायला जाऊ शकलो नाही ताई. चार फुटांत तिसरा माणूस शिरणार कसा? तोंडाशी उभं राहून बघत होतो. भावाचं डोकं फुटलं तरी तो मारत होता. गवंड्याचा जबडा लोंबत होता, तरी तोही मारत होता. दोघं पडले तेव्हा दोघांच्या मुठीत टेपच होती. डॉक्टरांना बोटं मोडून ती काढावी लागली."

मावशीने फडक्याची गाठ घट्ट केली.

"मग तुम्ही हरकत का नोंदवली नाहीत?"

"हरकतीत काय लिहू?" काका म्हणाले.



इथे मावशीने जे केलं ते ती आजही स्वतःला माफ करत नाही. साहेबांच्या टेबलापाशी जाऊन तिने सांगून बघितलं, मोजणी नीट झाली नाही, जागा यादीतून काढा. साहेब हातातल्या कागदावरून मान वर न करता म्हणाले, "कारण काय लिहायचं? भूत?" सगळं ऑफिस हसलं. मावशी घाबरट ठरली. तिने जुन्या नकाशावरून आकडे उचलले. लांबी साठ, रुंदी चार. प्रत्यक्ष मोजून खात्री केली, असं लिहिलं आणि खाली सही ठोकली.

आयुष्यात पहिल्यांदा तिने न मोजलेला आकडा लिहिला.

सभेत ठराव झाला. पट्टी वेल्डरला मिळाली. दोन महिन्यांनी मावशी पुन्हा तिथे गेली, ताबा पावतीवर त्याची सही घ्यायला. पेंटर सोबत होता, रस्त्याच्या तोंडाशी भिंतीवर रंगवलेला सतरा नंबर खोडायला. वेळ तीच, बाराच्या आसपास.

वेल्डरला धीर कुठला? तो आतल्या टोकाशी आधीच पहार घेऊन खड्डा खणत होता.

"आलोच मॅडम! हा एवढा खांब उभा करतो!"

ठप्प... ठप्प... ठप्प...

मावशी तोंडाशी उभी राहिली. पाऊल आत टाकायचं नाही असं ठरवूनच आली होती. तिने कागद काढले, पेनचं टोपण उघडलं.

ठप्प... ठप्प...

मग दोन आवाज येऊ लागले. एक पहारीचा. दुसरा जरा बोथट, पसरट.

"कोण आहे तुमच्याबरोबर?" मावशीने विचारलं.

"कोणी नाही. का हो?"

त्याने हसून मान वर केली आणि त्याच्या तोंडावर घाव बसला.

मारणारा दिसला नाही. मावशीला दिसलं ते एवढंच... वेल्डरचं डोकं फाडकन एका बाजूला वळलं आणि दात भिंतीवर आपटले. त्याला ओरडताही आलं नाही. दुसरा घाव पाठीत. तिसरा गुडघ्यावर. हाड मोडल्याचा आवाज साठ फुटांवर ऐकू आला. तो खाली पडत नव्हता. पुढून बसला की मागे जायचा, मागून बसला की पुढे. दोघांच्या मधे सापडला होता.

"मॅडम..." तो कसाबसा म्हणाला. "मॅडम, सांगा ना यांना..."

मावशी धावली. ठरवलेलं सगळं विसरून आत धावली. दोन्ही खांदे भिंतींना घासत होते. चार फुटांची जागा, आणि तिचे खांदे घासत होते! तिने वेल्डरचा हात पकडला आणि सगळ्या ताकदीने रस्त्याकडे ओढलं.

तो एक पाऊल आला. मग पलीकडून कुणीतरी त्याला ओढलं.

"सोड," आतून आवाज आला.

तिने सोडलं नाही. पाय रोवले. वेल्डरने तिचं उजवं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं. त्याचे डोळे तिच्या डोळ्यांत. एक डोळा खरं तर उरला नव्हता. तेवढ्यात तिचं डावं मनगट कुणीतरी मागून पकडलं. थंडगार, खरखरीत पंजा.

"धर," कानाशी कुणीतरी म्हणालं.

आणि दोघं ओढू लागले.

मावशी सांगते, अंगाचे दोन तुकडे होणार असं वाटलं. खांद्यात काहीतरी कडकन निखळलं. वेल्डर किंचाळत होता, ती किंचाळत होती, तोंडाशी पेंटर नुसता ओरडत होता. वरून घाव चालूच. त्याचं रक्त तिच्या तोंडात गेलं. रक्ताने त्याची पकड सुटली, आता फक्त तिचीच बोटं त्याला धरून होती.

मग तिने बोटं उघडली.

हात निसटला असं ती म्हणू शकली असती. ती तसं म्हणत नाही. "मी सोडलं," असंच म्हणते.

ती फेकल्यासारखी रस्त्यावर येऊन पडली. आत एकदाच मोठा आवाज झाला. मग काहीच नाही. रेडिओवर बातम्या चालू होत्या.

वेल्डर आतल्या टोकाशी उभ्याउभ्याच सापडला, भिंतीला पाठ लावून. अंगात धड हाड शिल्लक नव्हतं. डॉक्टरांनी दोन प्रकारचे घाव लिहिले. गोल टोकाच्या अवजाराचे, आणि रुंद पात्याचे. पहार तिथे होती. रुंद पात्याचं काहीही त्या पट्टीत, त्याच्या घरात, काकांच्या घरात सापडलं नाही.

पोलिसांनी मावशीला नऊ दिवस बोलावलं. पेंटर आणि टायरवाल्याने सांगितलं की आत दुसरं कोणी गेलं नाही, कोणी बाहेर आलं नाही. शेवटी कागदावर 'अज्ञात इसम' लिहून प्रकरण मिटलं. वेल्डरची बायको मुलांना घेऊन माहेरी गेली. जाण्याआधी मावशीला भेटायला आली होती.  फक्त त्या दिवशी रस्त्यावर पडलेली ताबा पावती मावशीच्या टेबलावर ठेवून निघून गेली. पावतीवर सही नव्हती, त्यामुळे कायद्याने जागा अजून नगरपालिकेचीच.

मावशीने नोकरी सोडली. खांदा बसवला, पण डावा हात वर जात नाही.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडे राहायला गेले होते. नगरपालिकेची नवी यादी पेपरात आली होती. नको असलेल्या जागा, एकूण एकतीस. मावशीने चष्मा लावून ती वाचली आणि पेपर उलटा ठेवला. मी विचारलं नाही, कोणता नंबर. तिचा चेहरा बघून कळलं.

मग तिची समजूत घालायला मी म्हणाले, "मावशी, निदान एक तरी चांगला होता ना त्या दोघांतला? काकांचा भाऊ. त्याने तुला ओढून बाहेर काढलं. तुझा जीव वाचवला."

मावशीने चष्मा काढला. 

"अगं वेडे," ती म्हणाली, "त्याने मला वाचवलं नाही. त्याला मी कोण, हेसुद्धा माहीत नव्हतं. तो आपल्या टोकाकडे ओढत होता. रस्ता त्याच्या टोकाला होता, एवढंच."