भानुमतीबाईंची साक्ष

चंद्रावरच्या श्वेतपठार वसाहतीत, साक्षकेंद्राच्या प्रयोगशाळेत भानुमती तांडेल स्वतःचीच साक्षप्रतिमा पाहत बसल्या होत्या. प्रकाशाने घडलेली ती बाई त्यांच्याच आवाजात शाळेतल्या मुलांना वायुबंदीची हकिगत सांगत होती. वसाहतीतली हवा कमी पडली, तेव्हा जुन्या पठारकऱ्यांनी नव्याने आलेल्या किनारेकरांचं भुयार बंद केलं होतं. त्यातून वाचलेल्यांपैकी आता भानुमतीबाई एकट्याच उरल्या होत्या.

"शेजारचे विश्रामभाऊ धावत आले," प्रतिमा म्हणाली. "दार ओढत राहिले. ते उघडेना, तेव्हा रडले."

"खोटं आहे हे!" भानुमतीबाई ताडकन उठल्या. "विश्राम पारखेनंच दार लावलं. काचेतून आम्हा दोघांकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. प्राणवायूचा मुखवटा एकच होता. आमच्या ह्यांनी तो मला लावला."

केंद्राच्या डॉ. इरावती सामंतांनी प्रतिमा थांबवली. "तुमचं मूळ मुद्रण सुरक्षित आहे, बाई. पण प्रतिमा मुलांचे चेहरे वाचते आणि त्याप्रमाणे सांगणं बदलते. ती मुभा आम्हीच दिली. कसोटी एकच ठेवली : धड्यानंतर मुलांच्या मनातला द्वेष कमी झाला पाहिजे. जे उपयोगी पडलं, ते टिकलं."

"म्हणून माणूसच बदलायचा?"

"एकदम नाही बदलला. आधी विश्राम दाराशी थबकला. मग हळहळला. मग दाराकडे परत आला. प्रत्येक बदल इतका बारीक, की आमच्या लक्षातच आला नाही."

"आता आलाय ना? मूळ साक्ष लावा."

"एका शाळेत लावून पाहिली." इरावतींचा आवाज खाली आला. "दोन्हीकडची मुलं एकत्र जेवायची थांबली."

भानुमतीबाईंनी थांबलेल्या प्रतिमेकडे पाहिलं. घरी जाऊन हे सांगावं, असंही कुणी नव्हतं.

"मग मीच वर्गात जाते," त्या शेवटी म्हणाल्या. "कुणाचा राग करा, असं नाही सांगणार. घडलं तेवढंच सांगेन."

त्यांनी तसंच सांगितलं. काच, पाठ, मुखवटा. पठारकऱ्यांची मुलं खाली पाहू लागली, किनारेकरांची त्यांच्याकडे. धड्यासाठी सुरू असलेल्या प्रतिमेने ते चेहरे वाचले आणि आपलं नेमलेलं काम केलं.

"मुलांनो," ती भानुमतीबाईंच्याच आवाजात म्हणाली, "आजींनी फार सोसलंय. इतकं सोसलं, की माणसाला काही गोष्टी वेगळ्याच आठवतात. त्यांना समजून घ्या."

चेहरे निवळले. पुढच्या बाकावरची मुलगी उठली. तिने भानुमतीबाईंचा हात हातात घेतला. "आजी, तुम्हाला तसं आठवतं ना? असू दे. आम्ही तुमच्या आठवणीचाही आदर करतो."

तिच्या नजरेत खरी माया होती. ती शिकली होती तशीच वागत होती. भानुमतीबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि त्या मागच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसल्या.

मुलं प्रतिमेकडे वळली. तिने हकिगत पुन्हा सुरू केली. विश्रामभाऊ धावत आले, दार ओढू लागले. मुलं अजून थोडी अस्वस्थ होती. प्रतिमा क्षणभर थांबली.

"आणि मग," ती म्हणाली, "दार वीतभर उघडलं."

भानुमतीबाई श्वास रोखून पुढचं ऐकू लागल्या.