गेरूचा पट्टा

लातूर जिल्हा वेगळा होऊन चारेक वर्षं झाली होती, आणि तीन वर्षं धड पाऊस नव्हता. रेणापूरच्या अलीकडं माळावर वनखात्याची शिसव लावलेली. सटवाजी तिथला राखणदार. त्या दिवशीही तो गेरूचा डबा आणि चिंधी घेऊन सकाळीच निघाला.

काम साधं होतं. बाहेरदेशातून कुठल्याशा खोक्यांच्या फळ्यांतून एक भुंगा आला होता. तो झाडात शिरे, आतून खात राही, वरून झाड हिरवंच. साहेबांनी सांगितलं होतं, खोडाला कान लावायचा, करकर ऐकू आली की छातीच्या उंचीवर गेरूचा पट्टा ओढायचा. पट्ट्याचं झाड तोडून तिथंच जाळायचं. पट्टे वाढले, तर सगळी शिसवच तोडावी लागेल.

कावडीनं पाणी वाहून सटवाजीनं ही झाडं जगवलेली. म्हणून तो एकेका खोडाला डोळे मिटून बराच वेळ कान लावून उभा राही. खात्री झाली तरच पट्टा.

आज विहिरीजवळच्या झाडाला पट्टा होता. त्यानं न ओढलेला. कालच तिथं कान लावला होता, आत काहीच नव्हतं.

त्याला लिंबाजीचाच संशय आला. लिंबाजी सुतार, खात्याच्या रोजावर झाडं तोडायचा. जाळायच्या आधी शिसवीची फळी सरकवायला कुणाचा डोळा असेल, तर त्याचाच.

"चांगल्या झाडाला पट्टा कुणी मारला रे?"

"मला काय इचारता मामा? डबा तुमच्यापाशी, चिंधी तुमच्यापाशी. म्हातारपणी इसराया लागलाव जणू."

"मी इसरंन, माझा कान न्हाई इसरत. तुला गाडीचं चाक करायचं हाय, ते सांग की."

"बरं. झाड चांगलं निघालं, तर माझा रंधा तुमचा."

चौथ्या घावाला खोड मोडलं. आत निव्वळ भुगा. आंबलेल्या पिठासारखा वास आला. लिंबाजीनं कुऱ्हाड खाली ठेवली.

"मामा... पट्टा तुमीच मारलाव ना?"

सटवाजीनं मूठभर भुगा उचलून कानाशी धरला.

पुढचे तीन दिवस तसंच. सटवाजीच्या कानाला गप्प वाटलेल्या झाडाला पट्टा असायचा, आणि तोडलं की आत पोकळ निघायचं. पट्टा मारणारा एकदाही चुकला नाही. तरी सटवाजीचा लिंबाजीवरचा संशय जाईना. मग चौथ्या दिवशी सकाळी लिंबाजी बहिणीकडं निलंग्याला गेला, परवा येतो म्हणून. सटवाजीनं त्याला स्वतः यष्टीत बसवलं, आणि डबा मांडीत धरून झाडांत राखणीला बसला.

भर दुपार. पान हलत नव्हतं. एका खोडाला पाठ टेकली, जरा डोळा लागला असेल. जाग आली ती करकरीनं. बारीक, सावकाश. पाठीमागच्या झाडाला कान लावला, तर तिथं शांत. शेजारच्या झाडाला लावला, तिथंही शांत. तो पुढं चालला, तर करकर बरोबर आली...

दिवस मावळायला घरी आला. अंग धुवायला बंडी काढली, आणि बायको धुरपताबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"अवो... हे काय?"

छातीभोवती, काखेखालून, पाठीवरून, गेरूचा पट्टा फिरला होता. कुठं खंड नाही. बंडी आतून-बाहेरून स्वच्छ होती.

"पूस की," तो म्हणाला.

तिनं पुसलं, घासलं, पण पट्टा जाईना. मग तो झाडाला लावायचा तसा तिनं त्याच्या पाठीला कान लावला. बराच वेळ.

"काय गं?"

"काय न्हाई... जेवून घ्या."

पण ती चुलीकडं गेली नाही. कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलून तिनं ज्वारीच्या कणगीत खोल खुपसली, आणि दाराला आतून कडी घातली.

तेवढ्यात अंगणातून, सकाळीच निलंग्याला गेलेल्या लिंबाजीचा आवाज आला.

"मामा... आज कुठलं झाड?"