दुसरी होडी

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या मागे लागणार नाही. पण हे माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. १९९७ ची खंडेनवमी. कोपरची आमची दोन खोल्यांची जागा. आणि वेळ रात्रीची नव्हे, चांगली टळटळीत दुपारची.

माझे मिस्टर, प्रभाकर, ठाण्याला एका कंपनीत कॉम्प्युटरवर होते. पक्की नोकरी. ती सोडून त्यांनी मित्राबरोबर, चंदूभावोजींबरोबर, घरातच गेम बनवायला घेतले. नातेवाईक म्हणाले, पोरखेळासाठी पगारावर लाथ मारली. मीही चिडलेच होते, खोटं कशाला बोलू!

गेम साधा होता. खाडीतून होडी वल्हवत धक्क्याला आणायची.

"मालू, आता दुसरी होडी बनवतोय. ती तुझी. दोघांनी एकदम धक्क्याला लागायचं, तरच जिंकलो."

"मला नाही जमायचं हो ते."

"अगं, मी आहे ना शेजारी!"

श्रावणात त्यांना कावीळ झाली. त्यातच ते गेले.

दर खंडेनवमीला ते कॉम्प्युटर बंद करून त्याची पूजा करायचे. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत, हे मला ठाऊक होतं. सासूबाई ओरडल्याच.

"वर्षाच्या आत कसली पूजा करतेस? हत्यार धरणारा राहिलाय का आता?"

मी ऐकलं नाही. भावोजी पुन्हा नोकरीला लागले होते, दसऱ्यानंतर कॉम्प्युटर घेऊन जाणार होते. मी प्लग काढला. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. हात जोडून म्हटलं, "एकदा तरी शेजारी बसा."

जेवणं झाली. सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या. मी मोरीत भांडी घासत होते. आणि ऐकू आलं...

टक.

टक... टक...

कीबोर्डचा आवाज. दोनदा दाबून जरा विचार करणारा... तो हात मी ओळखत होते.

बाहेर आले. खुर्ची रिकामी. प्लग फरशीवर.

आणि झेंडूच्या माळेमागे... स्क्रीन उजळलेला!

खाडी. खाडीत दोन होड्या.

घाबरायला हवं होतं. मला रडूच कोसळलं. खुर्चीत बसले, बटण दाबलं. माझी होडी हलली.

शेजारचीही हलली...

माझी चुकली की ती थांबायची. मी सावरले की निघायची. मी काहीबाही बोलत होते, इतक्या दिवसांचं साठलेलं.

धक्का अगदी हातभर राहिला.

मी बोट उचललं. धक्क्याला लागलो की गेम संपणार. मला तो संपवायचा नव्हता.

शेजारची होडीही थांबली... थांबूनच राहिली.

"मालू, कुणाशी बोलतेयस गं?" सासूबाई दारात उभ्या होत्या.

मी मान वळवली. परत पाहिलं तर स्क्रीन काळा.

दसऱ्यानंतर भावोजी आले. मी त्यांना गेम लावायला सांगितला. खाडीत एकच होडी होती.

"वहिनी, दुसरी त्याने बनवायला घेतलेली. पण झालीच नाही हो."

त्यांनी कॉम्प्युटर नेला. मी अडवलं नाही.

लोक विचारतात, भीती नाही वाटत? त्यांची कसली भीती! पण एक विचार जिवाला घोर लावतो. मी धक्क्याला लागलेच नाही...

ते अजून तिथेच, पाण्यात, माझ्यासाठी थांबले असतील का?