महानंदाबाईंची जागा

धुकं इतकं दाट, की पाटोद्याहून आलेले नवे क्रीडाशिक्षक रविराजसर भलत्याच वर्गात शिरले. आत वैष्णवीबाई आणि पोरं डोळे मिटून, गोल करून बसलेली. चिडीचूप!

"भजन चाललंय का?"

"शिकवणं चाललंय," वैष्णवी डोळे न उघडताच म्हणाली. "बसायचं तर बसा, पण आधी दार लावा."

ते बसले, नेमके तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेत.

"सर, तितं नका बसू," ईश्वरी म्हणाली. तिला जन्मापासून दिसत नाही. "ती महानंदाबाईंची जागा हाय."

महानंदाबाई आधीच्या शिक्षिका, गेल्या वर्षी वारल्या. हा खेळ त्यांचाच. शेजाऱ्याच्या तळव्यावर बोटानं चित्र काढायचं आणि ते हातोहात पुढं पाठवायचं. ईश्वरीला दिसत नाही, बंकटला ऐकू येत नाही, पण तळहात सगळ्यांनाच आहे ना! पोरं अजून त्यांची जागा सोडूनच बसायची.

सर चटकन उठले. "लई गार हाय हो इथं..." आणि पलीकडं बंकटजवळ जाऊन बसले.

मग ते रोजच येऊ लागले. त्यांच्याकडून कधी पतंग यायचा, कधी चाफा. एकदा तर चक्क वेणी आली!

"कुणाची हो सर?" पोरांनी विचारलं.

"असती एखादीची..." सर छताकडं बघत म्हणाले. वैष्णवीचे कान तापले.

पण एक गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. मोकळ्या जागेच्या पलीकडं बसलेली ईश्वरी वाकून तिच्या तळव्यावर चित्र काढायची. हल्ली मात्र ईश्वरी वाकायच्या आधीच एक गार बोट तळव्यावर फिरायचं. डोळे उघडले तर शेजारी कुणी नाही! शेवटी भेदरून तिनं दुसरी शाळा मागून घेतली. आज इथला शेवटचा दिवस. आणि सर? मैदानावर शिट्टी फुंकतील, पण तोंड उघडतील तर शपथ!

शेवटचा डाव सरांपासून सुरू झाला. वैष्णवीनं डोळे मिटले. गार बोट आलं... हळूहळू एक घर काढलं. घरात दोन माणसं.

"बाई, माज्याकडं अजून कायच आलं न्हाई," ईश्वरी म्हणाली.

वैष्णवीच्या अंगावर सरसरून काटा आला. "सर... काय पाठवलंत?"

"कायच न्हाई," सर खाली मान घालून म्हणाले. "धीरच झाला न्हाई. का? काय आलं?"

"घर. आत दोघं."

सरांचा चेहरा पांढराफटक पडला, मग लाल झाला. "काल रातभर मी... तेच काढत हुतो. माज्याच तळव्यावर. तुमी जाऊ नये म्हणून."

भीती तर वाटतच होती. पण ती उठली, त्या मोकळ्या जागेला वळसा घालून त्यांच्यासमोर बसली आणि हात पुढं केला. "मग आता माझ्या तळव्यावर काढा. मी नाही जात."

त्यांचं बोट तळव्यावर फिरू लागलं. हे मात्र चांगलं ऊबदार होतं.

ईश्वरीनं शेजारची चटई चाचपली, आणि हसली.

"बाई, महानंदाबाई उठल्या."

दुसऱ्या दिवशी पोरं गोल करून बसली. मधे जागा कुणीच सोडली नाही.