न हलणारी सावली

मोठ्या ताईला जुळं झालं त्या वर्षी घरात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून चिमणी आणि ढब्बू या भावंडांची सुट्टीभर मामाकडे रवानगी झाली. मामाचं कामही मजेचं! बुटांच्या खोक्याएवढे चाळीस उपग्रह पृथ्वीभोवती फिरत आणि दिवसा दर दोन तासांनी त्यातला एखादा समोरच्या डोंगरांचा फोटो पाठवी. ढगाळ फोटो मामा बाद करी. ते पोरांना खेळायला.

"ढब्बू, घळीतला हा काळा डाग बघ."

"ढगाची सावली. मामाने लिहिलंय की!"

"सकाळी तिथेच, दुपारी तिथेच? ढगाला काय खिळे ठोकलेत?"

ढब्बूने मागचे चार दिवस उघडले. डाग रोज वाढत होता! आणि त्याच्या खालच्या टोकाला कोसळलेल्या दरडीची ताजी, तांबडी माती.

नदी अडली होती. डाग म्हणजे पाणी! आणि खाली, नदीकाठच्या खाणीत, बाबा कामाला होते.

"मामा, हे पाणी आहे!"

"जेवू द्याल का मला? काळं दिसलं की सावली, असंच लिहितो आम्ही चार वर्षं."

"मग बाबा काल फोनवर काय म्हणाले? नदी आटलीय, मासे हाताने धरतोय!"

मामाचा घास हातातच राहिला. तेवढ्यात नवा फोटो आला. तांबड्या मातीवरून एक पांढरी रेघ खाली उतरत होती.

मामाने फोन लावला. उचलेना. पुन्हा. उचलेना! तिसऱ्यांदा बाबांचा आवाज आला.

"भाऊजी, पळा!" मामा ओरडला. "सगळ्यांना वर न्या! पाणी येतंय!"

फोन चालूच राहिला. धापा, आरडाओरडा, मग खाणीचा भोंगा. "म्हातारा पहारेकरी वाजवतोय," बाबा ओरडले. मग नुसता गडगडाट, आणि फोन बंद.

ढब्बूने चिमणीचा हात इतका आवळला की तिची बोटं पांढरी पडली. वीस मिनिटं मामा फोन लावत राहिला.

फोन वाजला.

"वर आलोय," बाबा म्हणाले. "सत्तेचाळीस जण."

चिमणी हुंदके देऊन रडली. मामाने दोघांना जवळ घेतलं. "चार वर्षांत मला दिसलं नाही ते तुम्ही पाहिलंत. शाबास रे पोरांनो! उद्यापासून बाद करण्याआधी फोटो तुम्हाला दाखवीन."

खालच्या खड्ड्यातली माणसं वर पोचेपर्यंत पहारेकऱ्याने भोंगा सोडला नाही. तो त्याच दुपारी, तीन वाजून दहा मिनिटांनी, पुरात गेला.